टिकीचं हळदी-कुंकू

“हे कोण हो तुमचे?” केतकरआजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शोकेसमधल्या लाकडी बाहुल्याच्या कपाळावर हळद लावली. चांगली चिमूटभर. मग कुंकू लावलं. मग, हाताशी होतीच म्हणून गुलाबदाणी उचलून त्याच्यावर गुलाबपाणीही शिंपडलं आणि डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले.

हॉलमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शारजातल्या अल नहदामधल्या त्या फ्लॅटमध्ये संक्रांतीचं हळदी-कुंकू ऐन रंगात आलं होतं. घरच्या यजमानीणबाई, म्हणजे हेमा मिरजकर, हातात तिळगुळाची वाटी घेऊन नुसत्या बघत राहिल्या. केतकरआजी म्हणजे समोरच्या शुभ्राच्या सासूबाई. ऐंशीच्या घरातल्या, गेल्याच आठवड्यात चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या. एवढ्या मोठ्या बाईला तोंडावर कोण सांगणार, की आजी, हा देव नाही, हा टिकी आहे?

“आमच्या ह्यांचे आहेत,” हेमा कसंबसं म्हणाली.

“असू दे, असू दे. कुणीतरी मोठं माणूस दिसतंय,” आजी म्हणाल्या आणि तिळगूळ घ्यायला खुर्चीत जाऊन बसल्या. शुभ्राने ओढणीत तोंड लपवलं.

ज्यांचा तो टिकी होता ते सतीश मिरजकर त्या वेळी बाल्कनीत होते. हळदी-कुंकवाच्या दिवशी घरातल्या पुरुषाची किंमत काय असते ते सांगायला नको. हेमाने त्यांना दुपारीच एक स्टूल, चहाचा थर्मास आणि अवजारांचा डबा देऊन बाहेर बसवलं होतं आणि सरकता दरवाजा लावून घेतला होता. त्यांचं काही बिघडलं नव्हतं. त्यांना तेच हवं होतं.

सतीश रास अल खोरमधल्या एका फर्निचरच्या कारखान्यात प्लॅनिंग बघायचे. कुठल्या टॉवरची दारं आधी, कुठल्या शोरूमची कपाटं नंतर, हे ठरवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेली दारं दुबईभर उघडझाप करत होती, पण त्यातलं एकही त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं नव्हतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी कारखान्याला एका हॉटेलातल्या बारचं काम मिळालं. पॅसिफिक महासागरातल्या बेटांसारखा तो बार सजवायचा होता, आणि त्यासाठी कंटेनरमधून पुरुषभर उंचीच्या मूर्ती आल्या. भलंमोठं डोकं, वटारलेले डोळे, कानापर्यंत गेलेलं तोंड, पोटावर हात आणि वाकलेले गुडघे. टिकी म्हणतात म्हणे यांना. सगळा कारखाना त्यांच्यासोबत फोटो काढत होता. सतीश मात्र प्रत्येकासमोर उभं राहून विचार करत होते, की हा ओरडतोय का हसतोय?

त्या दिवशी त्यांनी भंगारातून पडाऊक नावाच्या लाकडाचा एक लाल तुकडा खिशात घालून घरी आणला, आणि तेव्हापासून हे वेड लागलं. बोटभर, वीतभर टिकी. लाकूडही असं, की बघत राहावं. पर्पलहार्ट कापलं की मातकट दिसतं आणि चार दिवस उजेडात ठेवलं की आपोआप जांभळं होतं. वेंगेची कुसळं बोटात गेली की आठवडाभर ठणकतात. पडाऊकचा भुसा इतका लाल, की पहिल्या दिवशी हेमाला वाटलं नवऱ्याने हात कापून घेतला. इंटरनेटवरची चित्रं बघून सतीश कोरत गेले, शोकेस भरत गेली आणि हेमा चिडवत गेली, “देवाने डोळे वटारायला मी आहे की घरात, एवढे कशाला लागतात?”

आणि आता ह्या रविवारी एक खराखुरा माणूस जेवायला येणार होता. त्यांची मुलगी मिहिका फिजिओथेरपिस्ट होती, आणि तिच्या क्लिनिकमधला तिचा सीनियर, टेरे, पॅसिफिकमधल्या राराटोंगा नावाच्या बेटावरचा. बाबा टिकी कोरतात हे ऐकून तो म्हणाला होता, मला बघायचेत. सतीशना त्या दिवसापासून धड झोप नव्हती. इतकी वर्षं ज्यांचे चेहरे आपण कोरतोय त्यांच्यातला कुणी पहिल्यांदाच ते बघणार. बरे आहेत म्हणेल, का हसेल? का रागावेल? एक कारखान्यातली नोकरी सोडली तर सतीशकडे आयुष्यात आपलं म्हणावं असं हे एवढंच होतं. म्हणून त्यांनी महिनाभर खपून झेब्रानोच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लाकडाचा एक टिकी खास टेरेला द्यायला केला होता. फक्त तेल लावायचं राहिलं होतं.

नेमका तोच.

बायका गेल्यावर दरवाजा उघडला आणि सतीशनी शोकेसकडे पाहिलं. ओली हळद कपाळावरून नाकावर आणि नाकावरून ओठावर ओघळली होती. कोरड्या, उघड्या रेषांच्या लाकडात ती मुरून बसली होती.

“हे कुणी केलं?”

हेमाने सांगितलं. सतीशनी तडक पॉलिश पेपर काढला. हेमाने तो हातातून काढून घेतला.

“अहो, हळद-कुंकू लावून नमस्कार केलाय त्यांनी. आता त्याचं तोंड घासणार तुम्ही?”

“हेमा, तो देव नाहीये! बेटावरचा टिकी आहे तो.”

“तुमच्यासाठी असेल. आजींसाठी नाहीये. आणि देव नसेल तर मग कोण आहे, ते तरी सांगा.”

सतीश जास्तच चिडले. मिहिकाने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. “बाबा, सीरियसली, टेरे विल फ्रीक आउट. आधीच यू आर मेकिंग देअर स्टफ, आणि आता आपण त्याची पूजा पण केली. जस्ट हाइड इट.”

दुसऱ्या दिवशी सतीश तो टिकी रुमालात गुंडाळून कारखान्यात घेऊन गेले. पॉलिशच्या विभागात मुझम्मिल होता, पेशावरचा. डागांच्या बाबतीत त्याच्याकडे इलाज नाही असं सहसा होत नसे.

“थिनर मारूँ तो और अंदर जाएगा, साब,” मुझम्मिल टिकी उजेडात फिरवत म्हणाला. “घिसना पड़ेगा. लेकिन घिसोगे तो नाक गई.”

“और कोई रास्ता?”

“ब्लीच है. पर वो पट्टे भी ले जाएगा. खलास.” मग तो टिकीच्या तोंडाकडे निरखून बघायला लागला. “साब, वैसे ये है कौन? बच्चा है या बूढ़ा?”

हा तिसरा. आधी आजी, मग हेमा, आता हा. सतीशनी टिकी पुन्हा रुमालात बांधला आणि घरी आणून शोकेसमध्ये मागच्या रांगेत, पर्पलहार्टच्या जाड्या टिकीच्या पाठीशी उभा केला.

रविवारी टेरे आला. दारातून आत येताना त्याला जरा वाकावं लागलं. पूर्वी रग्बी खेळायचा म्हणे. त्याने बूट बाहेर काढले, हेमाला फुलं दिली, गुळाच्या तीन पोळ्या तुपाबरोबर खाल्ल्या आणि हेमाचं मन तिथल्या तिथे जिंकलं. जेवण होईपर्यंत त्याने शोकेसकडे एकदाही पाहिलं नाही.

मग हात धुऊन, नीट पुसून तो शोकेससमोर उभा राहिला आणि पडाऊकचा टिकी त्याने दोन्ही हातांनी उचलला.

“हा कोण?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“पडाऊक. आफ्रिकेतलं लाकूड आहे.”

“लाकूड छान आहे. पण हा कोण?”

“टिकी,” सतीश म्हणाले. आपण परीक्षेत नापास होतोय हे त्यांना कळत होतं, पण प्रश्न काय आहे ते कळत नव्हतं.

टेरे सोफ्यावर टेकला. “दुसऱ्या बेटांचं मला माहीत नाही. आमच्या घरातलं सांगतो. माझे आजोबा कोरायचे. कुणी बघायला आलं की विचारायचं, हा कोण? मग आजोबा सांगायचे. हा माझ्या आईचा मामा, ह्याला होडीतून पडल्यावर एक पाय धड टेकता यायचा नाही. ही माझी आत्या, हिने कुणाला न जेवता घरातून जाऊ दिलेलं आम्ही पाहिलं नाही. नाव सांगून झालं की मग लोक लाकडाबद्दल बोलायचे.” त्याने पडाऊकचा टिकी हळूच जागेवर ठेवला. “तुमचा हात चांगला आहे. खरंच सांगतोय. पण हे सगळे त्या हॉटेलातल्या बारमधलेच आहेत. हे कुणीच नाहीत.”

सतीशना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तो हसला असता, रागावला असता तरी चाललं असतं. त्यासाठी त्यांची मनाची तयारी होती. पण आठ-नऊ वर्षं रोज संध्याकाळी आपण ‘कुणीच नाही’ कोरत बसलो होतो, हे इतक्या सौम्यपणे ऐकायची नव्हती.

“शो हिम द यलो वन, बाबा,” मिहिका म्हणाली. बहुधा विषय बदलायला.

सतीशनी मागच्या रांगेतून झेब्रानोचा टिकी काढला. पिवळं नाक, लाल कपाळ. हेमा घाईघाईने सांगायला लागली, आजी, संक्रांत, गुलाबपाणी, आणि आमची चूक झाली, सॉरी. तिचं इंग्रजी अडखळलं तिथे मिहिकाने पुरं केलं. टेरे ऐकत राहिला.

“म्हणजे तिनेही विचारलं, हा कोण?”

“हो. मला धड सांगताच आलं नाही,” हेमा म्हणाली.

“आणि उत्तर नसताना नमस्कार केला. ती माझ्यापेक्षा चांगली पाहुणी आहे.” आता तो हसला, आणि त्याच्याबरोबर हेमाही हसली.

“हा तुमच्यासाठीच केला होता,” सतीश म्हणाले. “घ्या.”

टेरेने मान हलवली. “मी ह्याला ओळखत नाही. अनोळखी माणसाला घरी कसा नेऊ? शिवाय इथे त्याची विचारपूस झाली आहे. राहू दे त्याला.” मग त्याने सहज, पुढची पोळी मागावी इतक्या सहज विचारलं, “तुमच्या घरात कोण असावं असं तुम्हाला वाटतं? आता नाही, असं कोण?”

“माझा भाऊ,” सतीश म्हणाले.

त्यांच्या तोंडून ते इतक्या पटकन गेलं, की हेमाने चमकून पाहिलं. प्रकाशदादा कोविडच्या दुसऱ्या लाटेत सांगलीत वारला होता. त्या दिवसांत इकडून गेलेला माणूस परत कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि सतीश जाऊ शकले नव्हते. त्या विषयावर ह्या घरात फारसं बोलणं होत नसे. सतीश विषय काढत नसत, म्हणून हेमाही काढत नसे.

“मग त्याला करा,” टेरे म्हणाला. “तोंड हवं तेवढं मोठं करा. पण त्याचं असू द्या.”

तो गेल्यावर सतीश बाल्कनीत जाऊन बसले. डब्यात सागाचा एक चांगला तुकडा होता, तो त्यांनी काढला. पेन्सिलीने मधली रेघ मारली. डोळ्यांच्या जागा केल्या. दादाचे डोळे त्यांना आठवत होते, भुवयांमधली ती आठीसुद्धा. मग ते कानांपाशी आले आणि पेन्सिल थांबली.

कान आठवेनात. ज्या माणसाच्या सायकलीच्या दांडीवर बसून शाळेत गेलो, ज्याच्या मागे बसून गावभर फिरलो, त्याचे कान कसे होते? खूप वेळ त्यांनी आठवून पाहिलं. मोबाइलमधले फोटो पाहिले. त्यात दादा कुठे मफलरमध्ये, कुठे गर्दीत मागे. परक्या बेटावरच्या लोकांच्या कानांच्या पाळ्या त्यांना डोळे मिटून काढता आल्या असत्या.

शेवटी त्यांनी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. दिवाळी आणि वाढदिवस सोडून हा फोन कधी जात नसे.

“काय भावजी, आज मध्येच?” अनुपमावहिनी घाबरल्याच. “सगळं बरं आहे ना?”

“बरंय. वहिनी, एक विचारायचं होतं.” त्यांना वेड्यासारखं वाटत होतं. “दादाचे कान कसे होते?”

“कान?”

“हो.”

वहिनींनी मागे भिंतीकडे वळून पाहिलं. तिथे दादाचा फोटो होता, पण त्याचा चंदनाचा हार बरोबर दोन्ही कानांवरून खाली आला होता. त्या पुन्हा फोनकडे वळल्या. त्यांना तशी फोटोची गरज नव्हतीच.

“उजवा बाहेर आलेला. दुकानातल्या माणसाला सांगावं लागायचं, ह्या बाजूची चष्म्याची काडी वाकवून द्या म्हणून. तरी सारखा घसरायचाच. मग करंगळीने वर सरकवायचे. आणि पाळ्या... पाळ्या अगदी लहान होत्या. नव्हत्याच म्हणा. थंडीत कान लाल व्हायचे. मी चिडवायची.”

सतीश काढत गेले. उजवा बाहेर, डावा सपाट. लाकडावरचा माणूस एकदम कुणीतरी झाला. त्यांना पुढचं दिसेना, म्हणून त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि पेन्सिल खाली ठेवली.

“झालं, वहिनी. एवढंच हवं होतं. ठेवू?”

“ठेवताय?” वहिनी म्हणाल्या. फोनच्या पडद्यावर त्या जरा पुढे झुकल्या होत्या. “आणखी विचारा की, भावजी. आता कुणी विचारत नाही हो त्यांचं काही.”

सतीशनी फोन चहाच्या थर्मासला टेकवून उभा केला, स्टूल पुढे ओढलं आणि पेन्सिल पुन्हा उचलली.

“नाक सांगा,” ते म्हणाले.