ह्यांनी बांधलेलं कुंपण

आमच्या ह्यांची उंची पाच फूट एक इंच आणि माझी पाच फूट पाच. पत्रिका झकास जुळली, म्हणून हे चार इंच कोणी मनावर घेतले नाहीत. घेतले ते फक्त ह्यांनी. पंचवीस वर्षांत मी उंच टाचेची चप्पल घेतली नाही, फोटोत कायम खुर्चीवर बसले. वरच्या फळीवरचा डबासुद्धा मी हे बाहेर गेल्यावरच काढते. घरात उंचीचा विषय निघत नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये माझ्या बढतीचं निघालं. आमच्या संस्थेच्या मुलुंड आणि भांडुपमध्ये मिळून पाच बालवाड्या. पर्यवेक्षिकेने रोज पाचही ठिकाणी फिरायचं, त्यासाठी सायकल संस्थेची, तीही आधीच घरी मिळणार. अट एकच, एक जूनला सायकल चालवत हजर व्हायचं. नाहीतर जागा माणिकला. माणिक माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि आपल्याला सायकल येते हे ती दिवसातून दोनदा ऐकवायची. मला ती जागा हवी होती. सोळा वर्षं पोरांची नाकं पुसल्यावर ती माझीच होती.

पण शिकायचं कुठे? आमची मुलुंडची बैठ्या घरांची गल्ली. पंचेचाळिसाव्या वर्षी साडी खोचून धडपडायचं, आणि तेही ज्यांची पोरं माझ्याकडे बडबडगीतं शिकली त्यांच्यासमोर? त्यापेक्षा घेऊ दे माणिकला, असं मी म्हणून टाकलं.

"काही गरज नाही," हे म्हणाले. "मी अंगणाला लाकडी कुंपण घालतो. आत तू काय वाट्टेल ते कर, बाहेर पत्ता लागणार नाही."

हे रेल्वेच्या ऑफिसात फायली सांभाळणारे. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी आयोडीनची बाटली काढून ठेवणारे. त्यांनी चार दिवस रजा काढली, वखारीतून मोडलेल्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. उंची ठरवायला दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभे राहिले, भुवईशी पेन्सिलीने खूण केली. नजर जाते ती इथून, म्हणाले, आणि वर दोन इंच सेफ्टीसाठी धरले. झाले पाच फूट. फळ्या कापायला आलेला धोंडिराम सुतार एकदा ह्यांच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

"साहेब, फूटभर जादा ठेवूया ना?"

"कशाला? किल्ला बांधायचाय का?"

धोंडिरामाने करवत उचलली.

चौथ्या दिवशी कुंपण उभं राहिलं. ह्यांच्या दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या. हे आतून कुंपणाला खेटून उभे राहिले. "बघ! पलीकडे गल्ली आहे हेसुद्धा कळत नाही." मला समोरच्या शांताबाईच्या दोरीवरचे परकर मोजता येत होते. तेवढ्यात कुंपणापलीकडे शेजारचे नंदकुमार आले. हा माणूस सहा फूट.

"नंदकुमार, बाहेरून काही दिसतंय का हो?" ह्यांनी विचारलं.

नंदकुमारांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या अंगठ्यांकडे. "छे हो भाऊ, काही म्हणजे काही नाही. वहिनी घरात आहेत ना?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.

खरं सांगावं तर ह्यांचा चेहरा पडणार, न सांगावं तर मी गल्लीच्या देखत पडणार. रात्रभर चिडले, आणि सकाळी ह्यांनी त्या सुजलेल्या हातांनी कॅरिअर धरला तेव्हा गप्प बसून सायकलवर चढले. मला ह्यांची दया आली असं नाही. फार आवडले हो मला ते त्या वेळी.

मग रोज सकाळी कुंपणावरून माझं मुंडकं इकडून तिकडे जायचं, मध्येच नाहीसं व्हायचं. गल्लीतली माणसं आमच्या घरापाशी आली की आपल्या चपलांकडे बघत चालायची. शांताबाई ओट्यावर तांदूळ निवडायला बसायची ती पाठ करून. एकदाच नंदकुमारांना राहवलं नाही. "ब्रेक दाबा, ब्रेक!"

"कोण ओरडलं?" हे दचकले.

"रेडिओ," मी म्हटलं.

एक जूनला मी फाटकातून सायकलवर बाहेर पडले. सगळी गल्ली दारात. "अगंबाई! वहिनींना सायकल येते?" नंदकुमारांनी तर तोंडावर हात ठेवला. हे फाटकात छाती काढून उभे.

"तीन आठवडे रोज चाललं होतं," म्हणाले, "कळलं कोणाला?"

"छे छे!" गल्ली एका सुरात म्हणाली.

संध्याकाळी जागा पक्की करून आले तर शांताबाई आमच्या पायरीवर बसलेली. बावन्न वर्षांची बाई, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मृणालिनी, मला पण शिकव ना. तुमच्या कुंपणाच्या आत."

मी तिला बाजूला घेतलं. हे घरात चहा पीत होते. "अगं, बाहेरून सगळं दिसतं. तुला ठाऊक नाही होय?"

"मला ठाऊक नाही? अकरा वेळा आपटलीस. मोजलंय मी."

"मग?"

"मग काय? हसलं का कोण तुला?"

मी आठवून बघितलं. अख्ख्या गल्लीत एक माणूस हसला नव्हता. मला भरून आलं. तिला म्हटलं, उद्या सहाला ये, आणि साडी नीट खोचून ये.