दहातला एखादा

लकवा झालेल्या घरी माणसं भेटाले येत नाईत, शिकवाले येतात. कोणी म्हणे कबुतराचं रक्त चोळा, कोणी म्हणे अमुक गावच्या बाबाचं तेल आणा. पवनीतला आमचा अर्धा मोहल्ला असा शिकवून गेला. चहा करून करून मी कटाळली. शेवटी शेजारच्या सत्यभामाबाईले तोंडावर सांगतलं, कबुतरानं माणूस उठला असता तं दवाखान्याले कुलूप लागलं असतं. तवापासून ती माह्याशी बोलत नाई. नको बोलू.

आमचे हे, मधुकरराव, जनमभर हातमागावर बसले. उजव्या हातानं दोरी वढली की सुताचा धोटा इकडून तिकडं जाते. तोच हात आन् तोच पाय एका सकाळी मोरीपाशी लुळा पडला. नागपूरले नेलं. आठेक दिवसानं तिथल्या डाक्टरीणबाईनं डोक्याचा वेगळा एमआरआय काढाले लावला. मेंदूतून हातापायाले हुकूम नेणाऱ्या तारा त्यात रंगीत दिसतात म्हणे. मले आन् माह्या पोराले, भूपेंद्रले, आत बोलावून दाखवलं. एका बाजूले तारांचा भरगच्च झुपका, दुसऱ्या बाजूले निरा विरळ. बाई म्हणाली, पाय येईन, पण आत्तापासून रोज चालवा लागन. हात मात्र मागावर बसण्यासारखा येणं कठीण दिसते.

"मशीन चुकत नाई का?" मी विचारलं.

"चुकते ना. दहातला एखादा पेशंट आमचा अंदाज खोटा ठरवतो."

हे ती बोलली नसती तं बरं झालं असतं. तो एखादा माह्या डोक्यात येऊन बसला, तो उठलाच नाई.

घरी आल्यावर यायनं चालाचं नावच काढलं नाई. व्यायाम करून घ्याले एक पोरगी येत होती. तिले म्हणत, आधी हात येऊ दे, पायाचं मंग पाहू. दिवसभर खाटेवर बसून हात मांडीवर ठेवत आन् बोटायकडं टक लावत. कपाळावर घाम फुटे. मधीच म्हणत, हाललं, पाहलं का? काई हाललं नसे. मी म्हणे, हो, हाललं वाटते.

भूपेंद्र रोज बजावे, बाबाले हाताचं सांगू नको, खचून जातीन. खोटं नव्हतं. पण पाय आखडून राहिला होता. सांगावं तं माणूस खचणार, न सांगावं तं पाय जाणार. आन् समजा सांगतलं, यायनं हात सोडून देला, आन् हेच ते दहातले एखादे असले तं? मंग हात लकव्यानं नाई, मीच मारला असं झालं असतं. जीव नुसता टांगणीले लागला होता.

एक दिवस त्या पोरीनं जाता जाता सांगतलं, काकू, असंच राहिलं तं टाच कायमची वर राहीन. भूपेंद्र बाजारात गेला होता. मी भाजी चिरणं सोडून उठली, यायच्यापुढं बसली आन् सगळं सांगून टाकलं. फोटो, तारा, हात, सगळं. दहातल्या एखाद्याचं मात्र सांगतलं नाई. ते सांगतलं असतं तं हे त्यालेच धरून बसले असते.

यायनं बोटायवरची नजर माह्याकडं वळवली. मंग म्हणाले, "तुले कवापासून माईत होतं?"

"नागपूरपासून."

"मी बोटं हालवाले मरत होतो, आन् तू समोर बसून हाललं म्हणत होती."

लाज वाटली, रडू आलं, सोताचा रागबी आला. यायनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मले वाटलं, संपलं, आता हा माणूस असाच पडून राहीन. पण थोड्या वेळानं डावा हात माह्यापुढं आला.

"उचल मले."

उचललं. सगळा भार माह्या खांद्यावर. टाच टेके ना, पंजा फरफटत गेला. दात-ओठ खाऊन हे दारापर्यंत गेले, आन् उजव्या हाताकडं एकदाबी पाहलं नाई. माह्या शब्दावर यायनं तो हात सोडून देला होता.

तो बाजूले लोंबत होता. आन् मी पायाकडं लक्ष द्याचं सोडून त्या बोटायकडंच पाहून राहिली होती, एखादं तरी हालते का म्हणून.