गाउदेन्झिओचं रानडुक्कर

गाउदेन्झिओ नेपल्सच्या नाटकघरात राण्यांची गाणी गायचा आणि पन्नाशीतही त्याला मिसरूड फुटली नव्हती. आवाज फुटू नये म्हणून त्याच्यासारख्या गवयांना लहानपणीच खच्ची करत. त्यांच्या घरचे मात्र एकच गोष्ट सांगत: पोराला रानडुकरानं फाडलं, म्हणून वैद्याला कापावं लागलं. रंगपटात हे गवई एकमेकांना चिडवायचे, "काय रे, तुझं डुक्कर केवढं होतं?" गाउदेन्झिओ हसायचा नाही. त्याचं डुक्कर खरं होतं. आईनंच सांगितलं होतं.

बऱ्याच वर्षांनी तो ईस्टरला गावी आला. जेवताना भावाच्या पोरानं, नुन्झिओनं, मटण मागितलं आणि त्याचा आवाज मधेच चिरकला. सगळे खो-खो हसले.

"घ्या! आमचा बोकड वयात आला!" भावानं कौतुकानं पोराच्या पाठीत थाप मारली.

गाउदेन्झिओही हसला. त्याचं बारीक हसू तेवढं एकटंच वर उठलं आणि बाकीच्यांनी माना ताटात घातल्या.

जेवणं आटोपल्यावर आंधळ्या आईनं त्याचा हात चाचपून धरला. "नुन्झिओ चर्चमध्ये काय गायचा म्हणून सांगू! हुबेहूब तुझाच गळा."

"मग नेपल्सला का नाही धाडलात त्याला?"

"तुझा भाऊ हात धुऊन मागे लागला होता. पण मी दारात आडवी पडले," आई म्हणाली. "म्हटलं, या वेळी डुकराला घरात घेणार नाही."