निरीक्षक क्रमांक एक

माझ्या मॉडेलमध्ये एकूण एक्केचाळीस निरीक्षक, आणि त्यांतले पहिले माझे मामा. नाथाजी मामा, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त, मुक्काम तासगाव तालुका, पोटापाण्याला द्राक्षबाग आणि नाद आर्द्रेचा. आर्द्रा म्हणजे मृगातला तो ठसठशीत तांबडा तारा. त्याचं तेज कमीजास्त होत असतं, आणि मामा सव्वीस वर्षं त्याची नोंद ठेवत होते.

ही विद्या त्यांना फौजेतल्या एका कॅप्टननं दिली. रीत अगदी साधी. प्रश्वा नावाचा शेजारचा पांढरा तारा दहा धरायचा, पुनर्वसूतला त्याहून मंद तारा शून्य धरायचा, आणि या दोघांच्या मध्ये आर्द्रा कितव्या पायरीवर बसते ते सांगायचं. दुर्बीण नाही, यंत्र नाही, नुसता डोळा. दिवेलागणीनंतर घराजवळच्या बेदाण्याच्या शेडमागे पाच मिनिटं उभं राहायचं की झालं काम. मग मला साताऱ्याला संदेश यायचा : "आठ. हवा साफ."

नऊ वर्षांची असताना त्याच शेडमागे मामांनी माझी हनुवटी वर करून मला आर्द्रा दाखवली होती. आज मी साताऱ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माझं पीएचडीचं काम असं : राज्यभरातले हौशी लोक डोळ्यांनी ताऱ्यांच्या नोंदी करतात, त्या नोंदींवर भरवसा किती ठेवायचा हे मशीन लर्निंगनं ठरवायचं. मॉडेल प्रत्येकाची नोंद इतरांशी ताडून बघतं आणि त्याला शंभरपैकी गुण देतं. कोण घाईत बघतो, कोण दुसऱ्याचं बघून लिहितो, सगळं दोन महिन्यांत उघडं पडतं. फक्त मामांचे गुण मी हातानं शंभरवर बांधून ठेवले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सुमंत त्यावर हसला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "ज्यांनी बोट धरून तारा दाखवला त्यांना गुण देणारी मी कोण?"

याला आणखी एक कारण होतं. २०१९च्या शेवटी मामांचे आकडे धडाधड उतरायला लागले. सहा, तीन, पुढे शून्याच्याही खाली. मी तेव्हा एमएस्सीला होते, अंगात शहाणपण मावत नव्हतं. "मामा, वय झालं तुमचं," असं मी चेष्टेनं म्हणाले. महिन्याभरात जगभरच्या वेधशाळा म्हणू लागल्या की आर्द्रा खरोखरच मंदावली आहे. मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि पुन्हा म्हणून या माणसाच्या डोळ्यांवर शंका घ्यायची नाही असं मी मनाशी पक्कं केलं.

गेल्या जुलैत मामांची पाठ धरली. मणक्याचा क्षय निघाला. निदान वर्षभर तरी रोज गोळ्या घ्यायच्या, कमरेला पट्टा बांधायचा, बागेत पाऊल टाकायचं नाही. ताठ चालणारा माणूस भिंतीला धरून चालायला लागला. सरकारी दवाखान्यातली आरोग्यसेविका दर महिन्याला घरी यायची, वजन घ्यायची आणि एक प्रश्न न चुकता विचारायची, "मामा, नीट दिसतंय न्हवं?"

"आगं, आभाळातलं तारं मोजतो मी," मामा म्हणायचे. "आन तू मला तक्त्यावरची अक्षरं दावतीस व्हय?"

सगळे हसायचे. एकदा मीही तिथं होते, मीही हसले. त्या हसण्याची आज मला किळस येते.

डिसेंबरात मामांचा आकडा आठावरून सातावर आला, मग सहावर. चौदा तारखेला मॉडेलनं पहिला इशारा दिला : निरीक्षक क्रमांक एक बाकीच्यांपासून सतत एकाच दिशेनं दूर जात आहे, नोंद वगळावी. मी स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली. पुढच्या आठवड्यात इशारा पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही आठवड्यात. शेवटी वैतागून मी मामांपुरते सगळे इशारेच बंद करून टाकले. बाकीच्या चाळिसांना आर्द्रा आठावरच दिसत होती. पण त्यांतले निम्मे लोक शहरातल्या दिव्यांखाली उभे राहून बघणारे. माझ्या लेखी चाळीस जण एका पारड्यात आणि मामा एका पारड्यात.

जानेवारीत सुमंत चहा घेता घेता म्हणाला, "राग मानू नकोस. तारा उतरतोय की मामांची नजर? एकदा डोळे तपासून घे त्यांचे."

मी असा राग मानला की दोन आठवडे त्याच्याशी धड बोलले नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बरंच काही त्याला सुनावलं. आणि त्याच रागात शोधनिबंधाचा मसुदा लिहायला घेतला. पहिलं नाव नाथाजी मामांचं, दुसरं माझं. हे मी मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "फौजेत तोफ डागली की नाव तोफखान्याचं व्हायचं. माझं नाव पयल्यांदाच लागतंय बग." त्या आजारपणात त्यांना तेवढाच एक आनंद होता, आणि तो मी दिला याचा मला केवढा अभिमान वाटत होता.

फेब्रुवारीत संदेश आला : "तीन. रंग गेला. पांढरी दिसते." मी मसुद्यात एक नवा परिच्छेद घातला, 'रंगातील बदल' म्हणून. ताऱ्याभोवती धूळ कशी जमत असेल यावर पान भरून लिहिलं. काय काय लिहिलं होतं मी!

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मनुमामींचा फोन आला. वर्षाचं तिखट करायला घेतलं होतं, मला किती पाठवू हे विचारायला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुजा मामा काय कामाचा ऱ्हायला न्हाई बग. बसल्या जागी मिरच्या निवडा म्हटलं, तर पांढरट पडल्याली आन तांबडी लालभडक, सगळी एकाच सुपात. म्या वरडलं तर म्हनत्यात, समद्या सारक्याच हायत्या की!" आणि त्या हसल्या.

मला फेब्रुवारीतला संदेश आठवला : रंग गेला. मामींना कसंबसं उत्तर देऊन मी फोन ठेवला आणि मामांच्या औषधांची नावं शोधली. चार गोळ्यांपैकी एक क्वचित कुणाच्या डोळ्याच्या मज्जातंतूला बाधते. पहिल्यांदा बऱ्याचदा लाल रंग जातो, मग नजरेचा मधला भाग पुसट होत जातो. वेळेत गोळी थांबवली तर बहुतेकांची नजर परत येते. 'वेळेत' हा शब्द मी किती वेळा वाचला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेले आणि मामांना घेऊन सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचले. डॉक्टर अश्लेषा माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात, ते ओळखायचे. मामा पट्टा सावरून फौजेत बसावं तसे ताठ बसले होते. पहिल्या पानावरचा आकडा त्यांनी खणखणीत आवाजात सांगितला. दुसऱ्या पानापासून मात्र, "हितं काय न्हाई. नुस्तं ठिपकं हायत." तिसऱ्यावरही तेच आणि चौथ्यावरही तेच. माझ्यासमोर प्रत्येक पानावर आकडा ढळढळीत दिसत होता.

डॉक्टरांनी क्षयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ती गोळी तिथल्या तिथं बंद केली. मग मामांना विचारलं, "हे कधीपासून होतंय, आजोबा?"

"आठ-पंधरा दिस झालं आसतील."

"नीट आठवा. सुरुवातीलाच थांबवलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं. दोन-तीन महिने उलटले असतील तर किती परत येईल याचा भरवसा देता येत नाही."

"चौदा डिसेंबर," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे वळले. मामांनी तोंड माझ्याकडे केलं, पण नजर माझ्या चेहऱ्यावर न येता खांद्यावर कुठंतरी थांबली. मी सगळं सांगून टाकलं. आकडे, इशारे, ते बंद करणं, काहीच हातचं राखलं नाही. डॉक्टरांनी माझ्या फोनवरचा त्या आकड्यांचा आलेख बघितला आणि न राहवून बोलून गेल्या, "औषधानं नजर कशी जाते याची इतकी बारीक नोंद मी कुठंच बघितली नाही. यावर खरं तर शोधनिबंध होईल." बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या ओशाळल्या. मला उठून कुठंतरी पळून जावंसं वाटलं.

मामांनी फक्त एक विचारलं. "म्हंजी आर्द्रा उतरलीच न्हाई?"

"न्हाई मामा. आठावरच हाय."

त्यांनी मान हलवली. नजर किती परत येईल हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही. तीन महिन्यांनी परत दाखवा, एवढं त्या आपणहून म्हणाल्या.

सांगली स्टँडवर तासगावची गाडी लागली होती. मामा पाटीकडे बघत उभे होते, मी सांगेपर्यंत चढले नाहीत. मी हात धरला तर त्यांनी तो काढून घेतला नाही, हेच मला जास्त लागलं. ते खिडकीशी बसले. गावाबाहेर पडलो तेव्हा हळूच म्हणाले, "तारीक तुला ठावं हुती."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी चुकताय आसं म्हनायला जीभ वळली न्हाई मामा. एकदा म्हनले हुते, तवा मीच खोटी ठरले. तुमीच तर शिकवलं मला." मला रडू फुटलं. मागच्या सीटवरची बाई बघायला लागली.

मामांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "आन त्या बाकीच्या चाळिसांतला कुनी आसता तर?"

उत्तर मला माहीत होतं, आणि त्यांनाही असणार. "तर त्याच आठवड्यात फोन केला आसता," मी म्हणाले. "डोळं तपासून घ्या म्हनून."

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर द्राक्षबागा होत्या, त्यातलं त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

"मग मलाबी त्यांच्यातच धरायचं हुतंस की गं, पोरी," ते म्हणाले.