पलंग कोणी वाजवला?

सभागृहात शंभरेक माणसं होती, पण कोणी खोकतही नव्हतं. मधोमध लाकडी पलंग. त्याच्या बुडाशी पन्नास तारा, सगळ्या एका सुरात लावलेल्या. पलंगावर माझी मोठी बहीण यमुताई डोळे मिटून पडली होती. शेजारी नादबाबा तंबोरा छेडत होते.

"ये बेटी मयुरा, आई वाट पाहते!" म्हणत बाबांनी तंबोऱ्यावर पंजा दाबला. तंबोरा थांबला, पलंग मात्र घुमतच राहिला.

"पहा! तारेवर कोणाचा हात आहे? कोण आलं?"

यमुताई हमसून रडू लागली. "आली! छातीवर डोकं ठेवून राहिली माझी पोरगी!"

मयुरा, तिची एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. तेव्हा यमुताईच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. मी कळमेश्वरच्या शाळेत विज्ञान शिकवतो, तरी तिचं रडणं ऐकून मीही डोळे पुसले.

घरी आल्यावर पाहिलं, तिच्या पायाचं बोट काळं पडलं होतं.

"ताई, इन्सुलिन काहून बंद केलं?"

"सुईनं देह अशुद्ध होते गा, सुमंत. मंग मयुरा येत नाही. बाबा म्हणाले."

सुई बंद करून तीन आठवडे झाले होते. मी ओरडलो, हात जोडले. ती दवाखान्यात यायला तयार होईना.

रविवारी सभागृहात मी बाबांना नमस्कार करायच्या निमित्तानं वाकलो आणि तंबोऱ्याच्या चारही खुंट्या पिळल्या.

"आता बोलवा मयुराला."

बाबांनी छेडलं, बेसूर वाजलं. त्यांनी पंजा दाबला. पलंग मुका.

"आज वातावरणात शंका आहे," बाबा म्हणाले.

मी तंबोऱ्याच्या तारा पुन्हा सुरात आणल्या, स्वतः छेडल्या, पंजा दाबला. कोणालाही न बोलावता पलंग घुमू लागला. "एका सुरातली तार वाजली की दुसरी आपोआप थरथरते. हवेतून, लाकडातून. यात आत्मा नाही!"

"मास्तर, चालते व्हा!" लोकांनी मला ढकलत बाहेर काढलं. माझ्यामागून फक्त यमुताई आली.

"तार खोटी असन गा. पण मी रडली, ते?"

"ते खरं होतं, ताई. लाकडाची थरथर छातीपर्यंत जाते, अंग सैल पडतं. कोंडलेलं रडू तुझंच होतं."

"मंग आता तिले कुठं भेटू?"

मी दवाखान्याचं नाव काढलं, या वेळी ती अडून बसली नाही. मी तिला रिक्षात बसवलं. डॉक्टरांनी दोन बोटं कापली, पाय वाचला. सभागृह पुढच्या रविवारीही भरलं.

संगीतानं मन हलकं होत असेल तर जरूर ऐका, पोटभर रडा. पण तुमचे अश्रू खरे आहेत, म्हणून रडवणाऱ्याचं बोलणं खरं ठरत नाही. त्याला विचारा, हे कसं केलं? आणि तो औषध सोडायला सांगेल, त्या क्षणी उठून चालू लागा.