मयताहून थेट घरी

मयताहून थेट घरी येऊ नये, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाटेत कुठेतरी टेकायचं, टपरीवर कॉफी घ्यायची, पाव खायचा, कपडे झटकायचे. मग मागे लागलेलं मरण तिथेच रेंगाळतं आणि तुमच्या घराचा पत्ता त्याला सापडत नाही. याला आम्ही पगपग म्हणतो, म्हणजे झटकणं. शिकलेसवरलेले याला हसतात, आणि हसत हसत टपरीवर थांबतात.

पण आमच्या गोल्डन हार्वेस्ट हिल्समध्ये टेकायला जागाच नाही. सगळी घरं. एका रंगाची, एका उंचीची, एकाच साच्यातून काढलेल्या विटांसारखी. दुकान मांडायला बंदी, दारात केळी तळायला बंदी. सगळ्या वसाहतीला एकच फाटक, त्याला आडवी दांडी, आणि दांडीशेजारी गार्डची खोली. मग लोक मयताहून आले की त्या खोलीतच टेकतात.

"मी काय केराची टोपली आहे?" कुया दोरो करवादतो. तो आमचा गार्ड. कुया म्हणजे थोरला भाऊ, आणि वयानं तो सगळ्यांचाच थोरला भाऊ शोभतो. "अख्ख्या वसाहतीची मरणं माझ्या अंगावर झाडता! एक दिवस मीच आडवा होईन, मग कुठे थांबाल ते सांगा." असं म्हणतो आणि खुर्ची पुढे सरकवतो. खिडकीला त्यानं लसणाची माळ बांधून ठेवली आहे. घरी जाताना तो स्वतः दोन टपऱ्यांवर थांबतो.

हिल्स म्हणायला इथे टेकडी औषधालाही नाही. हार्वेस्ट म्हणजे कापणी, ती मात्र झाली. जिथे माझं स्वयंपाकघर आहे तिथे माझे सासरे दुसऱ्याच्या जमिनीत भात लावायचे. मालकानं जमीन विकली, मातीचे ट्रक आले, आणि आमचं गाव दुधासारखं उतू गेलं. दर वर्षी एक नवा फेज, नवी भिंत, नवी कमान. रस्ता तेवढा जुनाच राहिला, त्यामुळे जगात सगळ्यात जास्त गाड्या आमच्या चौकात उभ्या असतात असं मला वाटतं.

माझा नवरा आर्नेल मालवाहू बोटीवर आहे. वर्षातले दोन महिने घरी, बाकी समुद्रावर. त्यानंच हे घर घेतलं आणि आईला आणलं. तिचं जुनं घर आमच्या मागच्या भिंतीपलीकडे, कामाचिले वस्तीत. वस्तीचं नाव विलायती चिंचेच्या झाडावरून पडलेलं, आणि ते झाड अजून उभं आहे. पुरात तिथे घोट्याएवढं पाणी शिरतं. "आईला पाण्यात झोपू देणार नाही," आर्नेल म्हणाला, आणि लेकानं म्हटल्यावर ती आली. मी सासूला नानाय म्हणते. आईलाही आम्ही तेच म्हणतो.

खरं सांगते, मला सासूची सेवा करण्याची हौस नव्हती. मला त्या घरात एकटीला राहायचं नव्हतं. दुपारी पंखा बंद केला की आपलाच श्वास ऐकू येतो असं ते घर आहे. नानाय असली की निदान कोणीतरी माझ्या भातात खोड काढायचं.

पहिल्याच आठवड्यात ती घर चुकली. समोरच्या गल्लीतल्या, हुबेहूब आमच्यासारख्या घरात शिरली, तांदूळ धुतले, चुलीवर चढवले. घराची मालकीण आली तर हीच तिच्यावर खेकसली, "कोण गं तू? आणि पेर्ला कुठाय?" पेर्ला म्हणजे मी. दोघींनी शेवटी तोच भात खाल्ला म्हणे. दुसऱ्या दिवशी नानायनं खुणेसाठी आमच्या जाळीला लाल चिंधी बांधली. असोसिएशनच्या माणसानं ती सोडून नेली. वसाहतीची शोभा जाते म्हणे. नानाय म्हणाली, "शोभा कसली? कोंबड्यांच्या खुराड्यालाही लोक खूण करतात."

तिचा जीव मागच्या भिंतीपाशी. तिथे एक भगदाड होतं, बांधकामाच्या मजुरांनी पाडलेलं. नानाय रोज त्यातून वाकून पलीकडे जायची, तिची मैत्रीण तोन्यांग हिच्याकडे. दोघी लहानपणापासून एका विहिरीवरच्या. मग कोणाची तरी मोटरसायकल चोरीला गेली आणि असोसिएशननं भगदाड बुजवलं. भिंतीवर काटेरी तार आली. आता तोन्यांगच्या घरी जायचं म्हणजे फाटकापर्यंत चाला, मोटरसायकलला डबा जोडलेली ट्रायसिकल पकडा, चौकात अडका, मग जीप धरा. आणि नानायचे गुडघे तर गेलेले.

त्यावर दोघींनी उपाय काढला. रोज सकाळी नानाय भिंतीशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची आणि ओरडायची. पलीकडून तोन्यांग ओरडायची.

"जेवलीस का गं?"

"सुका मासा! तुझ्या सुनेनं काय केलंय?"

"सूप! पाणी नुसतं!"

हे सगळं माझ्या देखत, मोठ्यानं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानांवर. मी रागावले की नानाय म्हणायची, "मग मीठ घालत जा." कधी तारेवरून पेरूची पिशवी यायची, कधी इकडून माझं चांगलं भांडं जायचं ते परत यायचं नाही.

मग एका सकाळी पलीकडून उत्तर आलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. नानाय स्टुलावर बसून हाका मारत राहिली. संध्याकाळी भिंतीपलीकडून माइकवर गाणं ऐकू आलं, पत्ते आपटल्याचे आवाज, आणि मध्येच बायकांची एकसुरी प्रार्थना. आमच्याकडे मढं घरात ठेवून दिवसचे दिवस जागतात. गाणं, पत्ते आणि प्रार्थना एकत्र ऐकू आली की काय झालंय ते कोणाला विचारावं लागत नाही.

"तोन्यांग गेली," नानाय म्हणाली. तिनं स्टूल उचललं, आत आणून ठेवलं आणि काळा झगा शोधायला लागली.

आम्ही रोज गेलो. ट्रायसिकल, चौक, जीप. जी शवपेटी भिंतीच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर होती तिच्यापाशी पोचायला अख्खी दुपार जायची. तिथे मात्र नानायचे गुडघे दुखत नव्हते. ती आल्यागेल्याला कॉफी देत होती, पत्ते खेळणाऱ्यांना शिव्या घालत होती, कोणाच्या तरी नातवाचं नाक पुसत होती. मी कोपऱ्यात बसून बघायची. ही बाई माझ्या घरात कधी आलीच नव्हती. परतताना आम्ही कुया दोरोच्या खोलीत टेकायचो, पाव खायचो, झगे झटकायचो आणि मग आत जायचो.

मातीच्या दिवशी, कबरीहून निघताना, नानाय म्हणाली, "मी इथेच राहते. माझं घर झाडून घेतलंय तोन्यांगच्या लेकीनं."

"आणि पाणी भरलं म्हणजे?"

"खाटेवर पाय घेईन. जन्मभर घेतलेत."

"आर्नेलला काय सांगू मी? लोक काय म्हणतील? सून घरात आहे आणि सासू चिखलात!"

"लोकांना काय, लोक भाताच्या दाण्यालाही नावं ठेवतात."

"चला नानाय," मी म्हटलं, जरा जोरातच, सगळ्यांसमोर. "तमाशा नको."

ती मग निमूट जीपमध्ये चढली. मी जिंकले होते. पण त्या रिकाम्या घरात एकटी राहायला लागू नये म्हणून मी एका म्हातारीला ओढून नेत होते, हेही मला कळत होतं. आर्नेलचं नाव मी आपलं ढालीसारखं पुढे केलं होतं.

फाटकाशी उतरलो. कुया दोरोनं खुर्ची पुढे सरकवली. "या, या. आज शेवटचा दिवस ना? कॉफी टाकतो."

नानाय थांबली नाही. दांडीच्या बाजूनं सरळ आत चालायला लागली.

"अहो नानाय! थेट घरी जाताय? कबरीवरून?" दोरो ओरडला. "पेर्ला, धर तिला!"

मी धावले, हात धरला. "नानाय, पगपग राहिलं."

"नाही राहिलं," ती म्हणाली. "इथे नाही लागत."

मला वाटलं, दुःखात आहे, भान नाही. मीच मागे जाऊन दोघींच्या वतीनं पाव खाल्ला आणि दोघींच्या वतीनं झगा झटकला. दोरो म्हणाला, असं चालतं की नाही त्याला माहीत नाही.

त्यानंतर ती भिंतीकडे गेली नाही. कपड्यांची पिशवी भरून मांडीवर घ्यायची आणि गाडी ठेवायच्या रिकाम्या पडवीत, जाळीकडे तोंड करून बसायची. आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे पडवी तिचीच. जेवायला हाक मारली की येऊन दोन घास खायची. सुपात मीठ जास्त पडलं तरी बोलायची नाही. एकदा मी मुद्दाम मीठ घातलंच नाही. तेही तिनं गिळलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आर्नेलचा फोन आला तेव्हा तिनं पडद्यावर हसून दाखवलं. "मजेत आहे रे. घर छान आहे. कोरडं आहे." फोन ठेवल्यावर मी तिच्यासमोर बसले.

"नानाय, जायचंय का?"

तिनं विचारलं नाही की कुठे. "तू एकटी पडशील," ती म्हणाली. इतके महिने तिला हे माहीत होतं. आर्नेलसाठी नव्हे, ती माझ्यासाठी राहिली होती.

"पडेन," मी म्हटलं. "चला."

दुसऱ्या सकाळी मी थेट कामाचिलेपर्यंत ट्रायसिकल ठरवली. पिशवी, उशी, प्लास्टिकचं स्टूल. फाटकावर दोरोनं टोपी काढली. चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. नानाय बडबडायला लागली होती, ड्रायव्हरला त्याच्या आजोबांचं नाव सांगत होती, मला म्हणत होती की पाणी भरलं तर भांडी माळ्यावर टाकायला ये. वस्तीच्या तोंडाशी विलायती चिंच दिसली. तिच्याखाली एक टपरी आहे, तिथून नानायचं घर दिसतं.

"थांब रे इथे," नानाय ड्रायव्हरला म्हणाली.

"अहो, घर तर आलंच की समोर," मी म्हटलं.

पण ती उतरलीसुद्धा. टपरीसमोरच्या बाकावर बसली, कॉफी मागवली, पाव मागवला. सावकाश बुडवून खाल्ला. मग उठली, आणि झग्याचा घेर दोन्ही हातांनी धरून चांगला झटकला, आधी पुढून, मग मागून. टपरीवालीनं नानायला नावानं हाक मारून विचारलं, "कोण गेलं, इब्यांग? कोणाच्या मयताहून आलीस?"

नानायनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढी माया होती की मला पळून जावंसं वाटलं.

"बस, पोरी," ती म्हणाली. "तूही घे कॉफी. तुला परत जायचंय, त्यामुळे उपयोग नाही. पण घे."

मी घेतली. गोड होती, फार गोड. मग तिला घरात पोचवलं, स्टूल दाराशी ठेवलं, आणि ट्रायसिकल सोडून दिली होती म्हणून जीपनं परतले.

फाटकाशी कुया दोरो वाटच बघत होता. माझा चेहरा बघून त्यानं खुर्ची पुढे सरकवली. "ये, बस घटकाभर. कोणी गेलं का? मयताहून येतेयस?"

"नाही, कुया," मी म्हटलं. "मयताहून नाही. मयताला चाललेय."

त्यानं दांडी वर केली, आणि मी आत गेले.