मांडीवरची खूण

फरशीवाल्यांनी आयुष्यभर गुडघ्यांवर बसून लोकांच्या घरांतल्या जमिनी सपाट केल्या, आणि म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्याच मांड्या सपाट होऊ लागल्या. हा विनोद त्यांचाच. इस्पितळात पहिल्यांदा त्यांनी तो मोठ्या डॉक्टरांना ऐकवला, तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला. प्रकरण गंभीर आहे हे फरशीवाल्यांनी तेव्हाच ओळखलं.

मांड्यांचे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार होता. खात्रीचं औषध नव्हतं. एक नवीन इंजेक्शन पारखून पाहायचं चाललं होतं, त्या पारखण्यात फरशीवाल्यांचाही नंबर लागला. इंजेक्शन लागू पडतंय की नाही ते कळावं म्हणून काही महिन्यांनी एकदा तपासणी होई. तपासणी मात्र गरिबाघरच्या सुनेसारखी, कुणाला त्रास न देणारी. सुई नाही, कळ नाही. मांडीवर चार चिकटपट्ट्या लावायच्या, मुंगीलाही कळणार नाही एवढी वीज त्यांतून सोडायची, आणि ती स्नायूतून कशी जाते ते यंत्राने सांगायचं. आकडा मोठा आला तर स्नायू शाबूत. लहान आला तर झिजला. रोग्याने नुसतं निपचित पडून राहायचं.

"काहीही न करता नापास व्हायची ही माझी पहिलीच परीक्षा," फरशीवाले म्हणाले.

तपासणीच्या खोलीतली मुलगी हसली. तिने गुडघ्याच्या वाटीपासून टेपने माप घेतलं आणि पट्ट्यांच्या जागी काळ्या शाईच्या पेनने चार आखूड रेघा मारल्या.

"काकू, ही खूण जपा हं. पुसट झाली तर वरून गिरवा. पुढच्या वेळी पट्ट्या बरोब्बर इथेच लागल्या पाहिजेत. जागा हलली की आकडा हलतो."

फरशीवाल्यांच्या बायकोला एखादी गोष्ट जपायला सांगणं म्हणजे काय, हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. लग्नात आलेली काचेची बरणी बाईंनी अजून कागदातून बाहेर काढली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आंघोळ घातली, अंग पुसलं, की त्या नाकावर चष्मा चढवत, पेनाचं टोपण दातांत धरत आणि नवऱ्याच्या मांडीवर वाकत.

"हलू नका हो."

"हलत नाहीये."

"हलताय. एरवी हाक मारली तर उठवत नाही, आणि आत्ता नेमकी मांडी नाचवताय."

बाई पलंगाच्या डाव्या अंगाला, जरा वरच्या बाजूला बसत. त्यामुळे कालच्या रेघेवर आजची रेघ ओढताना हात किंचित वर आणि किंचित आत जाई. किंचित म्हणजे केसभर. पण केस रोज पडू लागले की टक्कल पडायला वेळ लागत नाही. भिंतीकडची पहिली फरशी केसभर तिरकी लागली तर समोरच्या भिंतीपाशी हात घालता येईल एवढी फट पडते, हे फरशीवाल्यांना झोपेतही माहीत होतं. मांडीवरच्या रेघा चालू लागल्यात हे त्यांना लवकरच दिसलं. स्वतःला धड चालता येईना आणि रेघा मात्र चालताहेत, याची त्यांना गंमतही वाटली. उद्या सांगू म्हणाले. तो उद्या उगवायच्या आत दुसरी तपासणी आली.

बाहेर बाकांवर माणसं दाटली होती. तपासणीवाल्या मुलीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"वा काकू, खूण काय ठळक ठेवलीत! आता टेप कशाला काढू?"

तिने रेघांवर पट्ट्या डकवल्या. आकडा आला. तिने पुन्हा बघितला, मग पट्ट्या दाबून तिसऱ्यांदा बघितला.

"काका, वाढलाय!"

बाई तिथेच खुर्चीत बसून रडल्या. मग घरी येऊन त्यांनी आधी ज्यांनी विचारलं होतं त्यांना सांगितलं, नंतर ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना सांगितलं, आणि शेवटी ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्याशी तेवढ्यापुरतं सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चुलीपाशी गुणगुणत होत्या. आजाराचं नाव कळल्यापासून त्या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. फरशीवाल्यांनी तोंड उघडलं आणि चहा मागितला.

हे जोडपं तिसऱ्या मजल्यावर राहायचं. इमारतीला लिफ्ट नव्हती. ती बसवायची असं ठरून मात्र पुष्कळ वर्षं झाली होती. आणि तळमजल्यावर शिंपी राहायचा. त्याच्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जात नसे. त्याने बाईंना जिन्यातच गाठलं.

"वहिनी, मला उजेड हवाय, यांना जमीन हवीय. सरळ अदलाबदल करू. दोघांच्याही खोल्या सारख्याच."

"जमीन कशाला?" बाई म्हणाल्या. "आकडा वाढलाय यांचा! वर्षभरात तुमच्या डोक्यावर धावतील हे. वरचा वारा सोडून तुमच्या त्या गुहेत कोण येणार, भाऊ?"

"पाहा बुवा. मागच्या गल्लीतला एक जण अदलाबदलीसाठी केव्हाचा मागे लागलाय."

"मग त्याला द्या की!"

फरशीवाले तेव्हा पायरीवर बसले होते. बसले होते म्हणजे, पुढची पायरी चढता येत नव्हती म्हणून बसले होते. पण दर वळणावर थांबून तिथल्या फरशीला नावं ठेवायची सवय त्यांनी लावून घेतली होती, त्यामुळे कुणाला संशय येत नसे. "कुणी बसवली ही? त्याला धरून आणा, हात जोडायचेत मला," असं म्हणायचं, श्वास गोळा करायचा, मग कठडा दोन्ही हातांनी ओढत वर सरकायचं. बायको म्हणे, "दर वेळी तीच फरशी आणि तीच शिवी!" त्या दिवशी शिंप्यासमोर 'खूण सरकलीय' हे वाक्य अगदी ओठांशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि फरशीला शिवी दिली.

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी खाली उतरताना त्यांचा उजवा गुडघा कागदासारखा दुमडला. बाईंनी काखेत हात घालून सावरलं म्हणून बरं, नाहीतर सगळा जिना त्यांनी एका दमात उतरला असता.

"पाय घसरला," बाई घाईघाईने म्हणाल्या. "ओलं होतं इथे. कुणी तरी पाणी सांडलंय."

फरशीवाल्यांनी खाली बघितलं. फरशी ठणठणीत कोरडी होती. बाईंनीही बघितलं, आणि पदराने ती पुसली. रिक्षात बसेपर्यंत फरशीवाल्यांना दुसरं काही सुचेना. आपण गप्प राहून हिला सुखात ठेवलंय, अशी त्यांची इतके दिवस समजूत होती. आता ही कोरडी जमीन पुसू लागली.

तपासणीच्या खोलीत मुलीने पट्टीचा कागद सोलला.

"ताई, टेप आहे का?" फरशीवाल्यांनी विचारलं.

"कशाला काका? खूण आहे की."

"असू दे. शेजाऱ्याने मारलेल्या खुणेवर फरशी टाकायची नाही, अशी आमच्या धंद्यात रीत आहे."

"शेजारी?" बाई फणकारल्या. "मी शेजारीण?"

मुलीने टेप काढला. वाटीपासून माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग ती फळ्यावरचं गणित चुकलेल्या पोरीसारखी उभी राहिली.

"काकू, हे चांगलं चार बोटं वर गेलंय. आणि आत सरकलंय. इथे शेजारचा स्नायू लागतो. या आजारात तो... तो बराच टिकून राहतो. मागच्या वेळी मी मापायला हवं होतं."

तिने जुन्या जागी पट्ट्या लावल्या. आकडा मागच्या वेळेपेक्षा लहान होताच, पहिल्या वेळेपेक्षाही लहान होता. या वेळी तिने तीनदा बघितला नाही. वाईट आकडा एकदा बघूनच पटतो.

"मागचा तो वाढलेला?" बाईंनी विचारलं.

"तो रद्द करावा लागेल, काकू. मी सांगते डॉक्टरांना."

बाईंनी नवऱ्याची विजार वर ओढायला मदत केली, नाडी बांधली, गाठ नेहमीपेक्षा जास्त आवळली.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"ज्या माणसाने न्हाणीघराच्या उतारावरून लोकांशी मारामाऱ्या केल्या, त्याला स्वतःच्या मांडीवरची रेघ दिसली नाही, हे मला सांगू नका."

"दिसली होती."

"कधी?"

"मागच्या तपासणीच्या आधीच."

"आणि शिंप्याला मी नाही म्हटलं तेव्हा? तिथेच बसला होतात ना, दगडासारखे?"

"तू गुणगुणायला लागली होतीस गं."

"माझ्या गाण्यापायी घर घालवलंत?" बाई एवढंच म्हणाल्या, आणि पर्समधला फोन काढत व्हरांड्यात गेल्या. दार उघडंच होतं. फरशीवाल्यांना एका बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"हॅलो, भाऊ? मी तिसऱ्या मजल्यावरची. ते जागेचं म्हणत होतात ना तुम्ही... हो, तेच... दिलीत?... कधी?... काल?" मग चपला व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. "नाही नाही, तुमचं काय चुकलं. मीच म्हणाले होते त्याला द्या म्हणून."

घरी आले तेव्हा तळमजल्याचं दार सताड उघडं होतं आणि शिंपी कापडाचे तागे दोरीने बांधत होता. त्याने मान वर केली आणि तो पुन्हा दोरीकडे वळला. पलंग आत आणला असता तर कुठे बसला असता, ते फरशीवाल्यांच्या नजरेने नकळत मापून टाकलं.

मग जिना. फरशीवाल्यांनी कठडा धरायचा आणि बाईंनी मागून त्यांचा पाय विजारीसकट उचलून वरच्या पायरीवर ठेवायचा, अशी पद्धत पहिल्याच वळणापर्यंत बसली. आज त्यांनी कुठल्याच फरशीला नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हातही सुटले आणि ते खाली बसले. बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. पिशवीतून पाव काढून त्यांनी अर्धा त्यांच्या हातात दिला. बोटांनीही आता धरवेना, म्हणून तुकडे करून दिले. दोघं चावत राहिले.

वरून शेजारचे निवृत्त मास्तर काठी वाजवत उतरले.

"अरे वा! फरशीवाले, इथे कसला मुक्काम? आणि वहिनी, आकडा काय म्हणतो आमचा?"

"जागा बदलली आम्ही," बाई म्हणाल्या.

मास्तर पोट धरून हसले. "तुमची बायको म्हणजे ना, फरशीवाले!" म्हणत, हसतच उतरत गेले. काठीचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला, रस्त्याचं दार वाजलं, मग काही ऐकू येईना. बाईंनी मांडीवरचे पावाचे कण झटकले, उठल्या आणि त्यांच्या काखेत हात घातले.

"उठा."

"होणार नाही गं."

"माहीत आहे. उठा."